फोटोत दिसतं तेवढंच

परीक्षेच्या नावनोंदणीची रांग होती. मागच्या माणसाने माझ्या पायावर पाय दिला आणि मी फाडकन म्हणाले, “डोळे फुटले का?”

“अजून नाही,” तो हसून म्हणाला.

राग यायचा तर मलाही हसू फुटलं. पुढे कळलं की हा आमच्याच संध्याकाळच्या स्पॅनिशच्या वर्गातला, मागच्या बाकावरचा. घड्याळं दुरुस्त करायचा.

खिडकीतल्या बाईंनी दोन फॉर्म पुढे सरकवले. एक परीक्षा थेट नोव्हेंबरात, अवघड, पण प्रमाणपत्र जन्मभर चालणारं. दुसरी दर आठवड्याला, संगणकावर. तिचा कागद पाच वर्षांनी बाद. मी नर्स. परदेशातल्या ज्या हॉस्पिटलात मला जायचं होतं, त्यांना जन्मभराचाच हवा होता. त्याने पाच वर्षांचा उचलला.

“एवढ्यात भागेल?” मी चिडवलं.

“भागेल की. आपलं सगळं थोडक्यातच असतं.”

मग दर गुरुवारी त्याच्या दुकानात सराव सुरू झाला. तोंडी परीक्षेत एक फोटो देतात, त्याचं वर्णन करायचं. फोटोत दिसतं तेवढंच सांगायचं, मनचं घालायचं नाही. मी हमखास घालायचे. “ही बाई नवऱ्यावर रुसलीय...” असं काहीतरी. “रुसलेली कुठे दिसतेय?” तो दटावायचा, आणि मला ते दटावणं आवडायला लागलं. गुरुवारी मी नवा कुडता घालायचे... कुणासाठी, ते घरच्या आरशाला ठाऊक.

त्या गुरुवारी मी नवीन फोटो ठेवला. बसथांब्यावर एक म्हातारा. घड्याळवाला झकास बोलू लागला — बाजार, लाल छत्रीवाली बाई, संत्र्यांची पाटी...

“काय चेष्टा लावलीयस? हे तर गेल्या आठवड्यातल्या फोटोचं वर्णन!”

त्याचा चेहरा पडला. मी टेबलाकडे पाहिलं. दुरुस्तीचं एकही घड्याळ तिथे नव्हतं. रोज माणसं तपासणारी मी, आणि मला हे कळू नये?

“समोरचं दिसत नाही आता. कडेचं थोडं दिसतं,” तो म्हणाला. “डॉक्टरांनी हात टेकलेत. नोव्हेंबरपर्यंत तेही जाईल. मग ताईकडे. तिला तिकडेच दिलीय, स्पॅनिशवाल्यांत. निदान रस्ता तरी विचारता यावा मला.”

“आणि परीक्षा?”

“अक्षरं मोठी करून देईन. म्हणून तर घाई.”

“मग मीही तीच देते. तुझ्याबरोबर.”

“वेडेपणा करू नकोस!” तो पहिल्यांदाच ओरडला. “तुझी नोकरी जाईल. माझी कीव करून पाच वर्षांवर येऊ नकोस.”

मला फार लागलं ते. कीव नव्हती ती.

भिंतीवरची घड्याळं तेवढी चालू होती. मग तोच म्हणाला, “चल, तुझी पाळी. कर वर्णन.”

मी फोटो पालथा घातला आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सुरुवात केली. “एक माणूस स्टुलावर बसलाय. दोन दिवसांची दाढी वाढलीय. तो खूप घाबरलाय, पण सांगत नाही. समोर एक बाई आहे. तिचं... तिचं त्याच्यावर प्रेम आहे.”

“चूक,” तो म्हणाला. “दिसतं तेवढंच सांगायचं.”

“दिसतंय मला,” मी म्हणाले.

त्याचा हात टेबलावरून चाचपडत निघाला. आधी फोटोवर पडला, मग कडेला गेला. मी माझा हात मुद्दाम पुढे केला नाही. शोधू दे त्याला. सवय व्हायला हवी.