दार उघडं, दार बंद

दार उघडं

पिंपरी पेंढारला एसटीतून उतरून संस्कृती घरच्या मळ्याच्या वाटेला लागली, तेव्हा ऊन कलत आलं होतं. चाकांची बॅग मातीत चालेना, म्हणून तिने ती खांद्यावर घेतली. दोन्ही अंगाला ऊस. बांधावर वनखात्याचा रिकामा पिंजरा. समोरून आलेल्या दोन बाया मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून, काठ्या आपटत गेल्या. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

तिची आई, सारजाबाई, कांदे साठवायच्या बराखीपुढे कांदा निवडत बसली होती. गळ्यात खिळ्यांचा पट्टा. वाकून काम करणाऱ्याची मानच वाघ आधी धरतो, म्हणून पट्टे. बिबट्याला इकडे वाघच म्हणतात.

"तुमच्या इमानात गळ्याला रुमाल बांधत्यात, आमच्यात ह्यो," आई म्हणाली. "लई वाळलीस गं."

संस्कृती शेजारी बसली. ती हवाई सुंदरी झाल्यापासून आळेफाट्याला, ओझरला, जिथे जाईल तिथे आई 'माझी लेक इमानात हाय' म्हणून सांगायची. आईला काय वाटेल याचीच संस्कृतीला धास्ती होती. घाटभर घोकलेलं वाक्य तिने एकदाचं बोलून टाकलं.

"आई, मी नोकरी सोडली. आता इथंच राहणार."

आईचा हात कांद्यावर थांबला. मग तो उग्र वासाचा, खरखरीत तळवा संस्कृतीच्या गालावर आला.

"बरं केलंस," आई म्हणाली. "घर तुजंच हाय."

एवढंच ऐकायला ती आली होती. पदर खोचावा तशी तिने ओढणी खोचली आणि तिन्हीसांजेपर्यंत कांदा निवडला. मोठा एकीकडे, चिंगळी एकीकडे.

पूर्वी दिवेलागणीला दार सताड उघडं ठेवायचे, लक्ष्मी यायची वेळ म्हणून. आता देवापुढे दिवा लागला की दार लागतं ते उजाडल्यावरच उघडतं. धाकट्या भावाने, सुदर्शनने, नवं लोखंडी दार बसवून घेतलं होतं. डेअरीवरून येऊन त्याने ते ओढलं. धप्प.

संस्कृतीच्या कानांना दडे बसले.

दार बंद

आई चुलीपासून वळली आणि जागीच थबकली.

"आगं बया. तू कवा आलीस?"

"काय आई," संस्कृती हसली.

"हसतीस काय? सांगून तरी यायचं. सुदर्शन, तुला म्हायती व्हतं?"

"मला कुठलं. आत्ता दार लावताना बघतोय." तो खरंच चकित झाला होता.

ती सांगायला उठली, की मी दुपारीच आले, तुझ्याशी बोलले. तोंड उघडलं. ओठ आपोआप ताणले गेले, मान किंचित कलली.

"आपण काय घेणार? चहा की कॉफी?"

सुदर्शन खो खो हसला. "ताई, तू घरी हायेस. इथं कॉफी कुठली?"

तीही हसली. पण ते हसू उतरेना. तिने ताटं वाढली, पाणी दिलं, खरकटं उचललं. बसावंसं वाटूनही बसता येईना. जमीन चुलीकडे जराशी चढल्यासारखी वाटत होती, आणि तांब्यातलं पाणी एका काठाला टेकून तिरकं उभं होतं.

"बस की गं," आई म्हणाली.

"धन्यवाद," संस्कृती म्हणाली. उभीच राहिली.

दार उघडं

सकाळी कडी निघाली आणि कान मोकळे झाले. जमीन सपाट होती. थकवा असेल, तिने मनाशी म्हटलं. प्रवास, जागरणं. ती कारणं शोधणारी मुलगी होती, आणि हे कारण चालण्यासारखं होतं.

बराखीपुढे कांद्याचा एकच ढीग होता. मोठा आणि चिंगळी, सगळा एकात.

ती आईपुढे जाऊन उभी राहिली. "आई, मी नोकरी सोडली. आता इथंच राहणार."

आईचा हात थांबला. खरखरीत तळवा गालावर आला. त्याच गालावर.

"बरं केलंस. घर तुजंच हाय."

 संस्कृतीने तो हात धरून ठेवला.

सुदर्शन दुधाच्या कॅनी बांधत होता. "का गं सोडली? झ्याक पगार असंल की."

"पगार दार लागल्यापासून मोजतात, विमानाचं. लोकांना चढवायचं, बॅगा कोंबायच्या, शिव्या खायच्या, ते सगळं दाराआधी. दार उघडं, तोवर फुकट."

"म्हंजे रिक्षाच्या मीटरवानी?"

"रिक्षावाल्याला वेटिंग तरी मिळतं, भाऊ."

तो हसला. ती थांबली नाही. धुक्यात अडकलेलं विमान. माणसं आत बसलेली, दार उघडं. एका म्हाताऱ्याची छाती दुखू लागली, त्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं. त्याला स्ट्रेचरवर घालून उतरवीपर्यंत तिच्या गणवेशावर त्याची ओकारी वाळली होती. फ्लाइट रद्द झाली. मग ऑफिसात साहेब चहा ढवळत म्हणाला, दार लागलंच नाही ना? मग कागदोपत्री तू तिथं नव्हतीसच.

"आसं कसं म्हणतो त्यो?" आई म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. "माणूस व्हती न्हवं तू तिथं."

"होते गं."

ती दिवसभर पुन्हा कांदा निवडत राहिली. संध्याकाळी दार लागलं. धप्प.

दार बंद

"आगं बया. तू कवा आलीस?"

आईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसता आनंद होता.

संस्कृतीने दातांनी जीभ दाबून धरली. तोंडात रक्ताची चव आली. तरी आवाज आलाच, गोड, शिकवलेला.

"आपलं स्वागत आहे."

दार उघडं

तिसऱ्या दिवशी तिने काहीच केलं नाही. कांद्याला हात लावला नाही. नुसती दाराकडे बघत बसली.

तिला कळून चुकलं होतं. दार उघडं असताना ती बोलू शकत होती, पण ते कुणाजवळ उरत नव्हतं. दार बंद झाल्यावर ती उरत होती, पण बोलू शकत नव्हती.

दिवा लागला. सुदर्शन दाराशी आला. ती उंबऱ्यावर उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

"ताई, बाजूला सर. वाघ यील."

"येऊ दे. आधी तुम्ही दोघं ऐका. मी नोकरी सोडलीय. हे उद्या लक्षात ठेवा."

"येडी का खुळी तू? दार लावू दे," आई आतून म्हणाली. "मग बोल काय बोलायचं त्ये. रातभर बोल."

उसात काहीतरी सळसळलं.

संस्कृती मागे सरली. आत नाही. बाहेर, अंगणात.

तिला वाटलं, ते हाक मारतील. सुदर्शन धावत येईल.

सुदर्शनने अंगणावर नजर फिरवली. तिच्यावरूनही. आणि दार ओढलं.

धप्प.

तिच्या कानांना दडे बसले नाहीत.

तिने दारावर मुठी आपटल्या. लोखंड वाजलं नाही.

आतून आईचा आवाज आला. "आगं बया. तू कवा आलीस?"

आणि मग दुसरा. गोड, शिकवलेला, तिचाच.

"आपण काय घेणार? चहा की कॉफी?"

सुदर्शन खो खो हसला.

ती वळली. ऊस बाजूला झाला आणि वाघ बाहेर आला. घाई नव्हती त्याला. अंगण ओलांडून, तिच्या पायांना शेपूट घासत, तो दारापर्यंत गेला.

दाराबाहेरच्या खुंटीवर आईचा खिळ्यांचा पट्टा लटकत होता. त्याने तो हुंगला.

तिला नाही.