मागचे दोन डबे

बटण मी सहाव्यांदा दाबलं. दरवाजा ढिम्म हलला नाही.

काचेपलीकडे आमचा थांबा दिसत होता. बाकं, घड्याळ, नवं रंगवलेलं कुंपण... आणि डोळ्यांदेखत गाडी सुटली. नऊ वर्षांनी मी या मार्गावर आले, तर मेली मला घरावरूनच पुढे घेऊन निघाली!

"या डब्याचे दरवाजे इथे उघडत नाहीत," मागून आवाज आला.

"हे आत्ता सांगताय?" मी गर्रकन वळले. मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन एक चष्मेवाला बसला होता. "मौनीबाबा! तू?"

"आणि तू अजून तोफच," तो म्हणाला.

शाळेला जाताना सात वर्षं हा माझ्यासमोर बसायचा, आणि सात वर्षांत जेमतेम वीस वाक्यं बोलला असेल. आमचा फलाट दोनच डब्यांएवढा. गार्ड शेवटच्या डब्यात असायचा, म्हणून गाडीचं शेपूट तेवढं फलाटाला लागायचं. आमच्याकडचं झाडून सगळं माणूस मागे बसायचं. आधी लाकडी बाकांची तपकिरी गाडी होती, मग रेक्झिनची निळी आली. दोन्हींच्या खिडक्या जड. रोज सकाळी तो न सांगता माझी खिडकी वर सरकवायचा आणि पुन्हा पुस्तकात तोंड घालायचा. मला ती उघडता यायची, हे मी त्याला कधीच सांगितलं नाही.

आता या गाडीच्या खिडक्या तर उघडतच नाहीत.

इतकी वर्षं बाबाच मला भेटायला यायचे; उद्या ते कायमचे माझ्याकडे राहायला येणार होते. आज उरलंसुरलं सामान बांधायचं, घर रिकामं करायचं. त्यानंतर या मार्गावर यायला मला काही कारणच उरणार नव्हतं. आणि आजच हा भेटावा! त्याला बघून इतकं बरं वाटलं की त्याचाच राग आला.

पुढच्या स्टेशनचा फलाट लांब होता; तिथे आम्ही उतरलो. परतीची गाडी चाळीस मिनिटांनी. मी बाकावर बसून तोंडाचा पट्टा सोडला.

"कुठल्या गाढवाने ठरवलं हे? मागचे दरवाजे बंद!"

"गार्ड नाही आता," तो शांतपणे म्हणाला. "ड्रायव्हर पुढे असतो, म्हणून पुढचे दोन डबे फलाटाला लागतात. मागचे उघडले तर माणसं खड्ड्यात पडतील."

"तुला बरी माहिती!"

"दरवाजे माझ्याकडेच आहेत. ही नवी गाडी आली तेव्हापासून."

मी त्याच्या पिशवीत डोकावले. स्क्रू-ड्रायव्हर, दरवाजाच्या कडेच्या रबरी पट्ट्या... माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हणजे तुला माहीत होतं! मी चढले तेव्हासुद्धा?"

"हो. मी पुढे बसलो होतो. तुला मागे जाताना पाहिलं, म्हणून उतरून आलो... सांगायला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू पुढे जाऊन बसली असतीस. घरी उतरली असतीस." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कपाट खाली उतरवायला काकांनी मलाही बोलावलंय. पण तिथे चार माणसं असणार. आणि उद्या तू जाणार. मग... वाटेत मागे बसून वाक्य जुळवत होतो."

"जुळलं?"

"नाही."

"सात वर्षं समोर बसून सुचलं नाही, आणि आज मला पळवून आणलंस?"

"मला तू आवडतेस," तो एका दमात म्हणाला. "तेव्हाही आवडायचीस. आता... जरा भीतीपण वाटते."

माझे कान तापले.

"परत कधी येशील?" त्याने विचारलं.

"मुळीच येणार नाही. ज्या गाडीचा मेकॅनिकच माणसं कोंडतो, तिच्यात मी पुन्हा पाय ठेवणार नाही!"

त्याचा चेहरा पडला. मान हलवून तो मुकाट्याने पिशवीची चेन लावू लागला. मी कपाळावर हात मारला.

"अरे, तू ये असं म्हणतेय मी! सगळं फोडूनच सांगायला हवं का तुला?"

"मी? कधी?"

"रविवारी."

"येत्या?"

"नाही, पुढच्या जन्मीच्या!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाबा. कुठे अडकलीस, कपाट तसंच आहे, तो दरवाजेवालाही अजून आला नाही, म्हणून त्यांनी भडिमार सुरू केला. तोफखाना मला वारशानेच मिळालाय. मी फोन सरळ त्याच्या हातात दिला.

त्याने घसा खाकरला. "काका, ती माझ्याबरोबर आहे... नाही, गाडीची चूक नाही, माझी आहे." मग माझ्याकडे बघत, पहिल्यांदाच न अडखळता म्हणाला, "आणि काका, तुम्ही तिकडे राहायला गेलात की मी येणार आहे. दर रविवारी."

दर रविवारी! मी एकच म्हटला होता. पण दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.