टाक्यापर्यंत

आमच्या सांगलीच्या घरात सकाळचा उजेड सरळ येत नाही. पूर्वेला शेजाऱ्यांची उंच भिंत आहे. उजेड आधी त्या भिंतीच्या माथ्यावर उतरतो, तिथे बराच वेळ काही न करता थांबतो, आणि मग परसातल्या शेवग्याच्या विरळ पानांतून झिरपत स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी येतो. खिडकीखाली तांब्याचा हंडा आणि हंड्याच्या तोंडावर पाणी गाळायचे दुपदरी पांढरे फडके. उजेड प्रथम त्या ओल्या सुतावर पडतो. सूत क्षणभर पिवळसर होते. मग तो हंड्याच्या काठावरून घसरून फरशीवर येतो, एका फुटक्या फरशीची कड उजळतो, आणि चुलीपाशी बसलेल्या आईच्या पावलांजवळ पोचेपर्यंत त्याच्यातला सगळा थंडपणा सरलेला असतो. वखारींकडून हळदीचा कोरडा वास येत असतो. कुणीतरी अंगण झाडत असते.

त्या शनिवारीही उजेड असाच होता. पुढे पुष्कळांनी मला विचारले, निघताना काही जाणवले होते का. नव्हते.

मी पिशवी खांद्याला लावून आईच्या पाया पडलो. तिने नेहमीचा प्रश्न केला.

“उद्या कुठवर?”

आमच्या जैन घरांपैकी काहींत ही रीत अजून टिकून आहे. बाहेर पडणाऱ्याने आपली हद्द आधी बोलून दाखवायची. चारी दिशांना, आणि वर व खालीसुद्धा, आपण कुठवर जाणार ते एखाद्या खुणेने सांगायचे: अमुक ओढा, अमुक वेस, अमुक झाड. मग त्या खुणेपलीकडे पाऊल टाकायचे नाही. हावेला कुंपण, एवढाच अर्थ माझी आई, गुणमाला, सांगत असे. माझी त्या व्रतावर श्रद्धा होती, असे मला म्हणवत नाही. विचारणाऱ्या आवाजावर मात्र होती.

त्या दिवशी मी ‘माथ्यापर्यंत’ असे उत्तर द्यायचे ठरवले होते. सोबत चढणाऱ्या मित्राला, कुणालला, तसा शब्द दिला होता. आम्ही चढणार होतो त्या वैराटगडाच्या कड्याखाली पाण्याची टाकी आहेत, हे मला केवळ ऐकून ठाऊक होते. ती मी पाहिलेली नव्हती.

“टाक्यापर्यंत,” माझ्या तोंडून निघाले.

आईने मान डोलावली आणि भाकरी उलटली. बोललेली हद्द मागे घेता येत नाही.

कुणाल कांबळे साताऱ्याचा, तिथल्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारा. आमची मैत्री टेलिफोनच्या तारेतून झाली. मी संगणकाच्या वर्गात शिकवत असे, आणि एकोणीसशे नव्व्याण्णव साली तिथे इंटरनेट आले. विद्यार्थी गेले की मोडेमची ती चिरकी साद संपेपर्यंत मी श्वास रोखून बसे, आणि मग ‘गिरिवाट’ उघडे. पुणे, सातारा, कराड, कुठकुठली डोंगर चढणारी माणसे त्या गटावर रोमन लिपीतल्या मराठीत एकमेकांना ईमेल धाडत. समोरासमोर माझ्या तोंडून चार वाक्ये निघत नसत. तिथे मी पानेच्या पाने लिही.

त्या गटात दोन पंथ होते. एक मोजणाऱ्यांचा: किल्ला म्हणजे माथा, आणि माथ्याला पाय न लागलेला किल्ला हिशेबात धरायचा नाही. दुसरा रेंगाळणाऱ्यांचा: वाटेतल्या करवंदीच्या जाळीत दिवस गेला तरी ज्यांना चुकल्यासारखे वाटत नाही, अशांचा. दोन्ही पंथ एकमेकांना पुरते ओळखून होते आणि आठवड्यातून एकदा तरी भांडत. कुणाल पहिल्यांचा सेनापती. शतक संपायच्या आत जिल्ह्यातले सगळे किल्ले चढायचे, हा त्याचा पण. माझी वर्णने नेहमी माथ्याच्या खालीच संपत, तेव्हा त्याने माझ्या नावावरून सगळ्यांदेखत लिहिले होते, “नाव अतिशय, आणि चाल निम्मी.” पुढे एकदा सज्जनगडाच्या वाटेवर मी त्याला हद्दीची गोष्ट सांगितली. त्यावर तो खूप हसला. पण गटावर त्याने ती कधी उघड केली नाही, आणि ‘निम्मी चाल’ हा शब्दही पुन्हा वापरला नाही. असे उपकार मोजता येत नाहीत. तो मोजणारा होता, तरी त्याने ते मोजले नाहीत.

वैराटगड त्याने शेवटी ठेवला होता, आणि तो माझ्यासोबत चढायचे ठरवले होते.

शनिवारचे वर्ग आटोपून संध्याकाळी मी साताऱ्याला त्याच्या घरी उतरलो. दिवस मावळल्यावर मी जेवत नाही, हे त्याच्या आईला, लक्ष्मीबाईंना, ठाऊक होते. बुद्धाच्या तसबिरीपुढची मेणबत्ती लागायच्या आत त्यांनी माझे ताट वाढले. मेथीची भाजी होती, कांदालसूण न घालता केलेली.

“तुमच्यापायी आमालाबी उजेडात जेवाय लागतंय,” कुणालची बहीण पायल म्हणाली, आणि आपले जेवून झाल्यावरही मी पानातले संपवेपर्यंत तिघेही बसून राहिले.

झोपण्यापूर्वी कुणालने कॅमेऱ्यात नवा रोल भरला. “उद्या माथ्यावर दोघांचा फोटो. पळवाट न्हाई.”

मी मान हलवली. हद्द बोलून आलो आहे, हे त्याला सांगितले नाही.

सकाळी वाईच्या गाडीने निघालो, फाट्यावर उतरलो आणि व्याजवाडीतून गडाच्या सोंडेला लागलो. त्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला होता. वाळलेले गवत आडवे पडले होते, वाटेवरची माती पायाला चिकटत होती आणि दगड आतून ओले होते. कुणाल पुढे, मी मागे. तो मधूनमधून थांबे, वळून माझ्याकडे बघे, आणि मी जवळ येताच पुन्हा चालू लागे.

कड्याखाली पोचलो. काळा कातळ सरळ उभा. त्याच्या पायथ्याशी पाण्याची टाकी, एकाशेजारी एक खोदलेली. पाणी इतके निश्चल की वरचा कडा त्यात खाली वाढल्यासारखा दिसत होता. टाक्यांच्या पुढून कातळात कोरलेल्या पायऱ्या वर गेलेल्या होत्या.

“मी इथे थांबतो,” मी म्हणालो.

कुणालने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. “बोलून आलायस व्हय?”

“हो.”

“गड्या, हात लांबवला तर माथा लागंल. आई काय बघाय येती काय हितं?”

तो हसला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिले.

“माझा शेवटचा हाय रं, अतिशय.”

मी खाली पाण्याकडे बघत राहिलो. त्याने माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून आपल्या गळ्यात घातला, आणि पहिल्या पायरीवरून म्हणाला, “बस तर मग. पाणी गाळून ठेव, आल्यावर पितो.”

तो वळणाआड गेला, आणि कृष्णेच्या खोऱ्यातून धुके वर आले. आधी व्याजवाडीची कौले गेली, मग सोंड, मग माझ्यापासून दूरची टाकी. शेवटी माझ्यासमोरचे एक टाके आणि पहिल्या काही पायऱ्या उरल्या.

मी तांब्याच्या तोंडावर फडके धरून पाणी गाळले. फडके काठावर ठेवले. त्यातून थेंब पडत होते. त्या धुक्यात थेंबांचा आवाज होता, कुठेतरी दगड घरंगळल्याचा आवाज होता, आणि पुढे कुणालचा होता. धुक्यात कोणता आवाज कुठून आणि केव्हा आला हे सांगता येत नाही, असे मी नंतर अनेकांना समजावले आहे.

मी उठलो. त्याचे ते ‘माझा शेवटचा’ मनातून जाईना, म्हणून उठलो, असे मी सांगत आलो. हद्द मोडायची, आईला काय सांगायचे ते नंतर पाहू. पहिल्या पायरीवर पाऊल ठेवले.

“अतिशय. वर येऊ नकोस.”

आवाज अगदी जवळून आला. पायऱ्या जिथे वळतात तिथेच तो बसला असावा, इतक्या जवळून. मला बरे वाटले. मग लक्षात आले, की हा माणूस चढताना आजवर मला एकच गोष्ट सांगत आला होता: ये की, ये की रं वर.

“माथा झाला?” मी विचारले.

“खाली बस.”

मी पाऊल मागे घेतले आणि टाक्यापाशी बसलो. त्याला धाप लागलेली नव्हती. कड्याखाली बोलताना माझ्या प्रत्येक शब्दाला कातळाचा पडसाद येत होता. त्याच्या शब्दांना येत नव्हता.

“पाणी गाळलंस?”

“हो. ये, पी.”

तो उतरला नाही. मग म्हणाला, “फडक्यातलं परत सोडलंस का?”

मी विसरलो होतो. गाळताना फडक्यात अडकलेले बारीक जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे असतात. कुणाल आजवर त्याची थट्टा करत आला होता.

“सोड,” तो म्हणाला. “जिथलं तिथं जाऊ दे.”

मी फडके उलटे करून त्यावर पाणी ओतले. टाक्यात एक वलय उठले आणि हळूहळू काठाला लागले.

“घरी मेथी उरलीय. आईनं झाकून ठेवलीय. खाऊन जा.”

“आपण दोघेही जाऊ.”

मी वळणाकडे मान वर केली.

“कुणाल?”

“धुकं सरंस्तवर उठू नको.”

मी उठलो नाही. थंडी वाजत होती, तरी उठलो नाही. वळणावर तो आहे, एवढे मला पुरेसे होते. इतक्या निवांतपणे माझ्यासोबत तो पूर्वी कधी बसला नव्हता. मोजणारा माणूस अखेर रेंगाळायला शिकला, असे मनात येऊन मी हसलोसुद्धा.

मग उजेड आला. पातळ, पांढरा.

पायऱ्या दिसू लागल्या.

वळणावर कुणी नव्हते.

वळणही नव्हते. तिथला कातळाचा भाग पायऱ्यांसकट निसटून गेला होता. राहिलेली कड ताजी, आतून तांबूस आणि ओली होती. तिच्यापुढे खाली खोल घळ होती. धुक्यात मी आणखी थोडा वर गेलो असतो, तर मला ती दिसली नसती.

आवाज तिथूनच येत होता.

गुरे राखणारा हरिबा आणि गावातली माणसे कुणालला घेऊन घळीतून वर आली, तेव्हा कॅमेरा त्याच्या गळ्यातच होता. हरिबाने आपले घोंगडे माझ्या अंगावर टाकले. “तुमी वर गेला न्हाईसा, ते लय बरं झालं,” एवढेच तो म्हणाला.

पोलिसांनी विचारले, दगड कधी पडले? मी सांगितले, आमचे बोलणे संपल्यावर. कुणाल माथ्यावर जाऊन आला, उतरताना वळणावर बसला, माझ्याशी बोलला, आणि उठताना पायरी निसटली. यात कुणाला काही वावगे वाटले नाही. तसे वाटण्यासारखे त्यात काही नव्हते.

पायलने एकच विचारले. “दादा पोचला न्हवं माथ्यावर?”

“पोचला,” मी म्हणालो.

लक्ष्मीबाईंना मी त्याचे शेवटचे बोलणे सांगितले. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, “भाजी तुमी निघाल्यावर झाकली मी. त्याला कसं ठावं झालं?” आणि उत्तराची वाट न पाहता आत गेल्या.

‘गिरिवाट’वर मोजणाऱ्यांनी भीतभीत विचारले, हा किल्ला धरायचा का. माझ्या शब्दावर तो धरला गेला. कुणालचा पण पुरा झाला, असे जाहीर झाले. त्या दिवशी रेंगाळणाऱ्यांनीही वाद घातला नाही, आणि नंतरही त्या दोन पंथांचे भांडण पूर्वीसारखे कधी पेटले नाही. नवे शतक लागले. मी अजून चढतो. आई विचारते, मी खूण सांगतो, आणि त्या खुणेपाशी पोचलो की बसतो. बसल्यावर थोडा वेळ कान देऊन ऐकतो.

दर वर्षी थंडीत मी साताऱ्याला जातो. लक्ष्मीबाई मेणबत्ती लागायच्या आत मला मेथीची भाजी वाढतात. पायल समोर बसते. त्या घरात मला कुणी कधी कमी प्रेमाने वाढले नाही. मी जेवतो, आणि त्या घराला, त्या टाक्याला, आईच्या प्रश्नाला आणि त्या आवाजाला मनातल्या मनात हात जोडतो. त्याने मला वर येऊ दिले नाही, म्हणून मी हे लिहितो आहे.

एवढे कृतज्ञ असणाऱ्याने निदान क्रम तरी खरा सांगावा. पाणी गाळून झाले, फडके मी काठावर ठेवले, आणि त्यानंतर दगड पडले. दगडांसोबत आणखी काहीतरी पडले, तेही मी ऐकले. मी उठलो ते त्यासाठी. पहिल्या पायरीवर पाऊल ठेवले, तेव्हा घळीत सगळे शांत झालेले होते.

कुणाल माझ्याशी बोलला, तो त्यानंतर.