डांगरीबद्दल एक मत

पेटीच्या फटीत दोन हात एकदमच गेले. एक मैत्रेयीचा. दुसरा कुणाचा, ते बघायला तिनं मान वर केली, आणि मग थोडा वेळ खाली करायची विसरली.

"तुमचं आधी," तो म्हणाला.

"नको, तुमचं होऊ द्या."

"माझी एकच चिठ्ठी आहे. तुमचा तर गठ्ठा दिसतोय."

मैत्रेयीनं गठ्ठा पाठीमागे नेला. घाईत वरची चिठ्ठी सुटली आणि थेट त्याच्या चपलेवर पडली. त्यानं ती उचलली आणि न विचारता वाचली.

"'मैत्रेयी ही अत्यंत गुणी, हुशार आणि शांत स्वभावाची मुलगी आहे. कात्री तिलाच मिळावी. – एक गृहिणी, कॅम्प तीन.'" त्यानं चिठ्ठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "शांत? मागच्या भागात तुम्ही भावाला फूटपट्टी फेकून मारली."

"फेकली नाही. हातातून सुटली."

"तीनदा दाखवली. एकदा तर स्लो मोशनमध्ये."

मिठाईवाले शेठ गल्ल्यावरून म्हणाले, "बेटी, मत डालना है तो डालो, गिऱ्हाईक खडा है." आणि दोघं बाजूला झाले – एकाच बाजूला.

ही पेटी म्हणजे मिठाईच्या दुकानात ठेवलेला, तांबडा कागद चिकटवलेला पुठ्ठ्याचा खोका. उल्हासनगरच्या केबलवाल्यांनी त्या वर्षी, म्हणजे २००६ साली, आपल्याच चॅनलवर एक कार्यक्रम काढला होता – 'घरचा कारखाना'. मोठे चॅनलवाले रिअॅलिटी शो करतात, मग आपण का नको. एका कुटुंबाचा धंदा निवडायचा, आठवडाभर कॅमेरा घेऊन त्यांच्यात बसायचं, आणि झालं-गेलं ते गुरुवारी रात्री आठला लोकांना दाखवायचं. लोकांनी छापील कुपनावर मत लिहून पेटीत टाकायचं.

निवड झाली कॅम्प चार या वस्तीतल्या रामभाऊंची. रामभाऊ बावीस वर्षं डांगरी शिवत होते. डांगरी म्हणजे कारखान्यातला कामगार घालतो तो गळ्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध निळा पोशाख. पहिल्याच भागात, कॅमेऱ्याच्या उजेडात, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "माझ्यानंतर कात्री आकाशकडे की मैत्रेयीकडे, ते लोकांनी सांगावं. लोकांचं मत येईल तसं मी करीन."

त्या घरात कात्री ही साधी गोष्ट नव्हती. शिवणारे सात-आठ जण होते, पण कापड कापायचे ते फक्त रामभाऊ. जो कापतो तो मालक. मैत्रेयीनं आयुष्यात दुसरं काही फारसं मागितलं नव्हतं. तिला ती कात्री हवी होती.

आणि मतं येत होती ती अशी. 'पोरगी फार बोलते.' 'मुलगी आज ना उद्या परक्या घरी जाणार, तिला कात्री देऊन काय करायचं?' 'आकाशची हेअरस्टाइल छान आहे.' 'भागीरथीबाईंनी भाजीत मीठ कमी घालावं, रामभाऊंचा चेहरा बीपीचा वाटतो.' शेवटचं मत ऐकून आईनं दोन दिवस सगळ्यांना अळणी जेवण घातलं होतं.

म्हणून मैत्रेयीनं रात्रभर बसून... बारा चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. काही उजव्या हातानं, काही डाव्या.

"माझ्या बाजूनं मीच नाही लिहायचं तर कोण लिहिणार?" ती म्हणाली. "आता बघू तुमची. माझी वाचलीत ना?"

तो कचरला. "नको. ती जरा... कडक आहे."

तिनं हात पुढे केला आणि तो पुढेच ठेवला. शेवटी त्यानं चिठ्ठी दिली. अक्षर सुरेख होतं. 'कात्री कुणालाही द्या, मला देणंघेणं नाही. पण डांगरी बेकार आहे. बाहीचं तोंड ढिलं. खिसा उथळ, वाकलं की मोजायचं व्हर्निअर खाली पडतं. चार भाग झाले, घरातलं एकही माणूस डांगरीबद्दल बोललं नाही. – बुद्धभूषण, लेथ मशीन, आनंदनगर, अंबरनाथ.'

मैत्रेयीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेवटचं वाक्य खरं होतं.

"बाबांच्या डांगरीला बावीस वर्षांत तक्रार आली नाही," ती एवढंच म्हणाली.

"येईल कशी? तुम्हाला ऑर्डर देतो तो ऑफिसातला साहेब. तो कधी घालतो?"

"मग तुम्ही सांगायचंत."

"आज सांगायलाच आलो होतो. शुक्रवारी आमची सुट्टी." तो हसला. हसताना त्याची एक भुवई वर जायची. "उद्या तीनच्या आधी आमच्या गेटवर या. डोळ्यांनी बघा."

त्यानं चिठ्ठी पेटीत टाकली. मैत्रेयीनं आपला गठ्ठा घरी परत नेला आणि चुलीत घालावा तसा शेगडीवर धरला.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षानं आनंदनगरला, त्याच्या कारखान्याच्या गेटवर गेली. हवेत औषधाचा आंबूस वास होता. दुपारच्या पाळीचे कामगार आत शिरत होते, निळ्या डांगऱ्या, एकामागे एक. तिनं शिवण ओळखली. त्या घरच्याच होत्या. आणि प्रत्येकाच्या दोन्ही मनगटांवर, बाहीच्या वरून, काळं रबर घट्ट बसवलेलं होतं – सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे.

"हे कशाला?" तिनं विचारलं.

"बाही ढिली," बुद्धभूषण म्हणाला. "लेथवर जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा, फिरत असतो. कापडाचं टोक अडकलं तर हात आत ओढला जातो. रबर नसलं तर आम्ही मशीनला हात लावत नाही."

"सगळेच बांधता?"

"नवा माणूस लागला की पहिलं काम – सायकलवाल्याकडून ट्यूब आणायची."

मैत्रेयीनं त्याच्या ढिल्या बाहीचं तोंड दोन बोटांत धरून पाहिलं. मग तिनं पिशवीतून टेप काढला. "हात पुढे करा."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"टीव्हीवर सगळ्यांसमोर मला फूटपट्टी मारताना बघितलंत. मनगट दाखवायला लाजताय?"

त्यानं हात दिला. तिनं मनगटाभोवती टेप गुंडाळला, मग कोपर, मग खांद्यापासून कंबर. मागून त्याच्या पाळीतले सोबती ओरडले, "भूषण, श्वास घे रे. निळ्याचा लाल झालास."

"मनगट मोजायला एवढा वेळ लागतो?" तो हळूच म्हणाला.

"तुमची नाडी पळतेय. टेप हलतोय."

"...मग थांबा की जरा. थांबेल ती."

ती थांबली. नाडी काही थांबली नाही. भोंगा झाला तेव्हा कुठे तिनं टेप सोडला.

मोठी कात्री हातात मिळणार नव्हती. तिनं आईची भाजी निवडायच्या ताटाशेजारची कात्री घेतली, उरलेलं कापड घेतलं आणि दुपारी बाबा झोपले की काम सुरू केलं. मनगटाला दोन बटणांची घट्ट पट्टी. छातीवरची बटणं पट्टीच्या आत. खिसा खोल, झाकणाचा. पहिली डांगरी बुद्धभूषणनं घातली आणि रोज सकाळी तो कॅम्प चारच्या चहावाल्यापाशी येऊन निकाल सांगू लागला.

"खिसा पास. पट्टी नापास, हात धुताना बटण निघत नाही."

"हात कशाला धुता?"

"जेवायला. आम्ही पण जेवतो, मॅडम."

"मॅडम म्हणू नका."

"मग काय म्हणू? 'अत्यंत गुणी, हुशार आणि शांत स्वभावाची' फार लांब होतं."

तिनं चहाचा ग्लास त्याच्यावर उगारला. तो मागे सरकला नाही. दोन दिवसांनी 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि कुणी आधी म्हटलं यावर दोघांचं पुढे कधीच एकमत झालं नाही. अशा चार डांगऱ्या तिनं शिवल्या. एक धर्मराजना दिली, वीस वर्षं लेथवर काढलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी आठवडाभर घालून एकच शब्द पाठवला. 'बरी.' बुद्धभूषण म्हणाला, धर्मराजमामांनी स्वतःच्या लग्नालाही एवढंच म्हटलं होतं.

"आमच्या पाळीतलं कुणी तुमचा कार्यक्रम बघत नाही," तो एकदा सांगत होता. "गुरुवारी आठला आम्ही मशीनवर. मी शुक्रवारी सकाळी परत दाखवतात तो बघतो, आईमुळे. तिला तू आवडतेस."

"आणि तुला?"

त्यानं ग्लासात पाहिलं. "मला... डांगरीबद्दल विचार."

शेवटचा भाग रविवारी दुपारी बाराला, रामभाऊंच्या कारखान्यातूनच थेट दाखवायचा होता. शिलाईची मशीनं भिंतीला सारली होती. कापायच्या टेबलावर निळं कापड, त्यावर कात्री. सूत्रसंचालक महेश गळ्यात मफलर घालून घामाघूम झाला होता. रामभाऊ इस्त्रीच्या शर्टात. आकाशनं केस बसवले होते. मैत्रेयी टेबलाच्या कडेला उभी होती.

महेशनं मतं वाचली. बहुतेक आकाशच्या बाजूनं.

"तर प्रेक्षकांचा कौल स्पष्ट आहे," महेश म्हणाला. "रामभाऊ, तुमचा शब्द होता."

रामभाऊंनी कात्रीकडे हात नेला. तेवढ्यात दारात गडबड झाली. पाळीला जायच्या तयारीनं पंधरा-वीस माणसं आत आली, सगळी निळी. पुढे बुद्धभूषण.

"जय भीम, काका," तो म्हणाला. "आमची मतं राहिली. कुपनं आणलीत."

"वेळ संपली," महेश म्हणाला.

"माझ्या घरात माझी वेळ," रामभाऊ म्हणाले. "वाच पोरा."

बुद्धभूषणनं कुपनं वाचली नाहीत. त्यानं धर्मराजमामांना पुढे केलं. मामांच्या अंगावर मैत्रेयीची डांगरी होती. शेजारच्याच्या अंगावर रामभाऊंची, मनगटावर काळ्या रबरासकट.

रामभाऊंनी चष्मा लावला, ते रबर बोटानं ओढून पाहिलं. "हे काय?"

"तुमची बाही ढिली आहे, रामभाऊ," धर्मराजमामा म्हणाले. "हात जाऊ नये म्हणून."

"कधीपासून बांधता?"

"मी लागल्यापासून."

रामभाऊ स्टुलावर बसले. कॅमेरा चालू होता, आणि ज्यांच्या घरी टीव्ही चालू होता त्या सगळ्यांनी तो बावीस वर्षं डांगरी शिवणारा कारागीर खाली मान घातलेला बघितला. मग त्यांनी मामांचं मनगट हातात घेतलं. पट्टी उलटून पाहिली, शिवण पाहिली, बटण लावलं आणि काढलं.

"कापलंय कुणी?"

"मी," मैत्रेयी म्हणाली. "आईच्या कात्रीनं. तिरपं गेलंय जरा."

"जरा नाही, चांगलंच तिरपं गेलंय." ते उठले. "मी म्हटलं होतं, लोकांचं मत येईल तसं करीन. शब्द मोडत नाही. पण लोक कोण, ते मला आज कळलं. जे घालतात ते लोक." त्यांनी आकाशकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं?"

आकाशनं केसांवरून हात फिरवला. "बाबा, मला ऑर्डर आणता येते. कापायला घेतलं तर एक पाय आखूड होतो, हे सगळ्या कॅम्पला माहीत आहे. तिलाच द्या. फक्त बोर्डावर माझं पण नाव राहू दे."

रामभाऊंनी कात्री उचलून मैत्रेयीच्या तळव्यावर ठेवली. ती तिला वाटली होती त्यापेक्षा जड होती. आईनं पदर डोळ्यांना लावला आणि निळ्या घोळक्यानं टाळ्या वाजवल्या, त्या आवाजानं शिलाईच्या मशीनांवरची रिळं हलली.

महेशला अजून दहा मिनिटं भरायची होती. "पण प्रेक्षकांचा एक प्रश्न उरतोच. उद्या लग्न झालं, मैत्रेयी परक्या घरी गेली, मग?"

"सकाळी नऊला परत येईन," मैत्रेयी म्हणाली. "कात्री इथेच राहील."

"असं चालवून घेणारा नवरा मिळायला हवा ना."

घोळक्यातून बुद्धभूषणचा आवाज आला, जरा चिरकलेला. "अंबरनाथ काय परकं आहे का? उल्हासनगरहून एकच स्टेशन. आणि माझी कायम दुसरी पाळी असते. सकाळी मी मोकळाच. डबा आणून देईन."

कॅमेरा त्याच्याकडे वळला. रामभाऊही वळले.

"डब्यात काय आणशील?" त्यांनी विचारलं.

"...अंड्याची पोळी जमते, काका. भात थोडा चिकट होतो."

"शिक," रामभाऊ म्हणाले. आणि मशीनांमागून जो हशा उठला त्यात कार्यक्रम कधी संपला ते महेशलाही कळलं नाही.

दोन वाजत आले होते. माणसं रिक्षांकडे पांगली. गल्लीतल्या खिडक्यांतून बायका माना काढून बघत होत्या. बुद्धभूषण पायरीवर रेंगाळला होता आणि मैत्रेयी दारात, हातात अजून कात्री.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ते खरं बोललास, की टीव्हीसाठी?"

त्यानं तिच्या खांद्यावरून आत डोकावलं. महेश वायर गुंडाळत होता. कॅमेरा पेटीत गेला होता, पेटीला कडी लागली होती.

"बंद झालंय ना सगळं?" त्यानं विचारलं.

"झालंय."

"मग ऐक," तो म्हणाला, एक पायरी वर चढला, आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.