तिसऱ्या पायरीवरची टाळी

"आजपासून रंगभूमी या पृथ्वीचं कणभरही देणं लागणार नाही!" असं डॉ. मृण्मयी हळबे यांनी व्यासपीठावरून जाहीर केलं, आणि मिनिटाभरात त्या कमरेपर्यंत त्या व्यासपीठात बुडाल्या.

दोष त्यांचा नव्हता. सांगलीच्या नेपथ्य-संशोधन केंद्रात त्या दिवशी दीडदोनशे निमंत्रित जमले होते, आणि भाषणात 'आजपासून' आणि 'पृथ्वी' हे शब्द एका वाक्यात आले की टाळ्या वाजवायच्या, ही सवय चांगल्या घरच्या माणसांना असतेच. त्यातही पहिली टाळी वाजवली ती प्रमुख पाहुण्यांनी, म्हणजे ज्येष्ठ नट अच्युतराव करगुटकरांनी. आयुष्यभर टाळ्या घेतलेल्या माणसाला कधी नव्हे ती द्यायची संधी आली होती. त्यांनी ती मोठ्या मनाने दिली. सभागृह कडाडलं, आणि डॉक्टरबाई, माइक आणि पाण्याचा पेला असे तिघं मिळून सावकाश खाली जाऊ लागले.

"घाबरू नका," बुडता बुडता डॉक्टरबाई म्हणाल्या, "हेच प्रात्यक्षिक आहे. फक्त ते भाषणानंतर व्हायचं होतं."

अच्युतरावांना काहीच कळलं नाही. त्यांनी आदराने आणखी थोड्या टाळ्या वाजवल्या.

चहाच्या वेळी खुलासा झाला. डॉक्टरबाई दुसरा अ‍ॅप्रन घालून आल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर वसईचे प्रा. अँथनी रुमाव होते. बाई कवकशास्त्राच्या आणि रुमाव ध्वनिशास्त्राचे. ते बोलताना समोरच्या वस्तूवर टिचकी मारून तिचा आवाज ऐकत. अच्युतरावांच्या गुडघ्यावरही त्यांनी एकदा मारली आणि काही न बोलता मान हलवली.

"नाटक बंद पडलं की सेटचं काय होतं?" बाईंनी विचारलं.

"गोदामात जातो," अच्युतराव म्हणाले.

"आणि मग?"

"मग गोदाम भरतं."

"अगदी बरोबर. प्लायवूड, थर्माकोल, रंग, सगळं कुजत पडतं किंवा जळतं. म्हणून आम्ही हे केलं. टाळीविलयी कवककाष्ठ." त्यांनी बशीत एक तपकिरी तुकडा ठेवला. केंद्रातली बाकीची माणसं त्याला ढोकळा म्हणतात, हे अच्युतरावांना नंतर कळलं. "उसाचं चिपाड घ्यायचं. त्यात आमची बुरशी सोडायची. तिचे तंतू चिपाडाला असं बांधतात की दोन दिवसांत साच्यातून जिना निघतो, खिडकी निघते, खांब निघतो. सागवानासारखा टणक. आता या तंतूंमध्ये बारीक फुगे आहेत, आणि फुग्यांत एक पाचक रस आहे. फुगे फुटले की तो रस तंतूंना खातो आणि सागवानाचा शिरा होतो."

"आणि फुगे टाळीने फुटतात," रुमाव म्हणाले. "एका टाळीने नाही हं. शे-दोनशे तळवे पाहिजेत, आणि ते एकमेकांच्या जरा मागेपुढे पडायला पाहिजेत. संवाद, तबला, खोकला, कशानेच काही होत नाही. तालात वाजवलं तरी होत नाही. फक्त टाळ्यांचा कडकडाट."

"पण टाळ्याच का? बटण का नाही?"

"बटण म्हटलं की वीज आली," रुमाव म्हणाले. "आणि प्रत्येक नाटकाच्या शेवटी टाळ्या फुकट मिळतात. त्या आजवर वाया जात होत्या."

आपल्या टाळ्या वाया जात होत्या, हे अच्युतरावांनी प्रथमच ऐकलं.

बाई पुढे सांगत होत्या. पडदा पडतो, टाळ्या होतात, सेट विरघळतो, रंगमंचाच्या जाळीतून खालच्या टाकीत उतरतो. टाकीत पाणी असतं, कारण लगदा ओला राहिला तरच बुरशी जगते. त्याच लगद्यातून पुढच्या नाटकाचा सेट. एसी नाही, सगळ्या खिडक्या उघड्या. प्रयोग दुपारी साडेचारला, म्हणजे पहिल्या अंकाला दिवेसुद्धा नकोत. "बाहेरून काही आणायचं नाही, बाहेर काही टाकायचं नाही. एक बंद चक्र. आणि त्याचा पहिला प्रयोग तुमच्या निरोपाच्या नाटकाने व्हावा, अशी आमची इच्छा आहे."

अच्युतरावांना बंद चक्र कळलं नाही. निरोप कळला. पंचाहत्तरी उलटली होती, आणि हा शेवटचा प्रयोग करून थांबायचं, असं त्यांनी वर्तमानपत्रांना सांगून टाकलं होतं. ते हो म्हणाले.

घोटाळा तालमीत उघडकीला आला.

नाटकात ते काकासाहेब नावाच्या साखरसम्राटाचं काम करत. दुसऱ्या अंकाच्या आरंभी काकासाहेब जिन्यावरून खाली येतात. अच्युतरावांची पद्धत ठरलेली होती. दोन पायऱ्या उतरायच्या, तिसरीवर थांबायचं, हात कठड्यावर ठेवायचा. एन्ट्रीची टाळी पडायची. ती पूर्ण ओसरली की पहिलं वाक्य टाकायचं: "हा बंगला माझ्या बापानं बांधलाय. कुणाच्या बापाला हलायचा नाही." पन्नास वर्षं, नाटक कुठलंही असो, तिसरी पायरी, टाळी आणि मग वाक्य. जिथे जिना नव्हता तिथे त्यांनी तो लेखकाकडून लिहून घेतला होता.

तालमीत ते तिसऱ्या पायरीवर थांबले, आणि थांबूनच राहिले.

"अहो, बोला की," खालून कुमुदताई म्हणाल्या. त्या तीस वर्षं रंगमंचावर त्यांची बायको होत होत्या आणि त्यामुळे त्यांना कोणालाच नसलेला अधिकार मिळाला होता. "का पायरीला कोंब फुटायची वाट बघताय?"

"टाळी कुठाय?"

"टाळीला बंदी आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे शेवटपर्यंत. आता वाजली तर तुमच्या पायाखालचा जिना जाईल."

"मग मी बोलायचं कधी?"

असा प्रश्न येईल हे दोन्ही शास्त्रांत कुणाला सुचलं नव्हतं. बाईंनी सुचवलं की प्रेक्षक टाळीऐवजी हात वर करून पंजे हलवतील. अच्युतरावांनी सांगितलं की तोंडावर लाइट असल्यावर आपल्याला पंजेच काय, प्रेक्षकही दिसत नाहीत. रुमावांनी टाळ्यांचं रेकॉर्डिंग त्यांच्या एकट्याच्या कानात वाजवून पाहिलं.

"हे पुण्याचे लोक आहेत," अच्युतराव ऐकून म्हणाले. "सांगलीची टाळी जड असते."

कुमुदताईंनी मनात दहा मोजायला सांगितले. त्यांनी मोजले, आणि "दहा" असं मोठ्याने म्हणून ते पुन्हा गप्प झाले.

"अच्युतराव, एवढं काय हो त्यात?" कुमुदताई शेवटी हळूच म्हणाल्या. "शेवटचाच तर प्रयोग."

"म्हणूनच," ते म्हणाले. "कुमुद, टाळी पडते तेव्हा मला कळतं की मी आलोय. ती नाही पडली तर मी आलो की नाही, हे मला कोण सांगणार? आणि जो आलाच नाही, तो जाणार कसा?"

कुमुदताईंना हे कळलं नाही. खुद्द अच्युतरावांनाही कळलं नव्हतं. पण ते खरं होतं.

प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृह भरलं. तिसरी घंटा झाली आणि घोषणा झाली, की मोबाइल बंद ठेवावेत आणि तळवे एकमेकांपासून दूर ठेवावेत. पहिला अंक उन्हाच्या कवडशांत पार पडला. मध्यंतरात वडे खातानाही लोक जपून खात होते, टाळी वाजेल या भीतीने.

दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला तेव्हा बाहेर दिवस मावळत होता. सौर दिव्यांचा मंद उजेड होता. जिन्याच्या वरचं दार उघडलं आणि अच्युतराव आले. पहिली पायरी. दुसरी. तिसरी. हात कठड्यावर.

शांतता.

अंधारात शेकडो पंजे हलत होते. ते त्यांना दिसत नव्हते. त्यांना फक्त कुठेतरी खूप पाखरं फडफडल्यासारखं वाटलं. ते थांबले. विंगेत कुमुदताईंनी वाक्य पुटपुटून दिलं. ते त्यांच्या कानावर आलं, पण घशात उतरलं नाही. असेच उभे राहिलो तर लोक याला अभिनय समजतील का, आणि समजले तर किती वेळ, याचा ते विचार करत होते. कपाळावरचा घाम रंगात उतरला.

तेवढ्यात, डाव्या कोपऱ्यातून, एक टाळी आली.

एकच. मग उजवीकडून एक. मग बाल्कनीतून दोन. जशी चुलीवरच्या कढईत पहिली लाही फुटते, मग दुसरी, आणि मग मोजता येत नाहीत, तशा त्या येत गेल्या. बंदी असताना! जिना जाईल हे माहीत असताना! अच्युतरावांचे डोळे भरून आले. सांगलीच्या माणसांना राहवलं नव्हतं.

पायाखालची पायरी मऊ झाली. ते सावकाश खाली जाऊ लागले. पण टाळी पूर्ण ओसरल्याशिवाय बोलायचं नाही हा नियम होता, आणि तो त्यांनी पाळला. त्यामुळे बोलायची वेळ आली तेव्हा ते छातीपर्यंत जिन्यात होते, कठडा त्यांच्या मनगटावरून ओघळत होता आणि मागे दोन खिडक्या गळत होत्या. त्यांनी मान ताठ केली.

"हा बंगला माझ्या बापानं बांधलाय," ते गरजले. "कुणाच्या बापाला हलायचा नाही!"

मग जे झालं त्यात हसणं किती आणि टाळ्या किती हे सांगता येणार नाही. छत खाली आलं. खांब आले. कुमुदताईंनी लगद्यातून हाताला धरून त्यांना बाहेर काढलं आणि उरलेलं नाटक दोघांनी मोकळ्या जागेत केलं. एकही माणूस उठून गेला नाही.

"आणखी प्रयोग लावा," असं अच्युतराव मेकअपच्या खोलीत कुणालातरी सांगत होते, तेव्हा रुमाव आणि डॉक्टरबाई आत आले. रुमावांच्या गळ्यात हेडफोन होता आणि चेहरा नातेवाइकांना बाहेर बोलावणाऱ्या डॉक्टरसारखा होता.

"अच्युतराव, एक सांगायचंय. शास्त्राचं आहे."

"सांगा, सांगा."

"मी टाळ्यांचं रेकॉर्डिंग तपासलं. खूश झालेला माणूस टाळ्या सलग वाजवतो. इथे पहिली चाळीसपन्नास माणसं एकेकच टाळी वाजवून थांबलीयत. मग जरा वेळाने पुन्हा एक."

"भारावलेली असतील."

"मलाही तसंच वाटलं. पण मध्ये एका बाईंचा आवाज आलाय." रुमावांनी बटण दाबलं. आधी टाळी वाजली आणि मग अगदी स्पष्ट ऐकू आलं: "सुटला मेला! तुमच्या कानामागे गेला बघा."

रुमावांनी पुन्हा बटण दाबून आवाज थांबवला.

"डास," रुमाव म्हणाले.

"टाकी," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी बॅटरी घेऊन रंगमंचाखाली पाहिलं होतं. ओल्या लगद्यात अळ्या वळवळत होत्या. दिवस मावळला की डास जाळीतून वर येणार, उघड्या खिडक्यांतून त्यांचे नातेवाईक येणार. मग माणसं त्यांना हवेतल्या हवेत टाळीत धरणार. टाळ्यांनी सेट विरघळणार, टाकीत जाणार, टाकीतली ओल वाढणार, डास वाढणार. "बाहेरून काही आणलं नाही, बाहेर काही टाकलं नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "चक्र पूर्ण झालं. फक्त प्रेक्षक त्यात खाद्य म्हणून आहेत, हे आम्ही धरलं नव्हतं."

"म्हणजे," अच्युतराव म्हणाले, "एकही टाळी माझी नव्हती?"

"पहिल्या नव्हत्या. नंतरच्या शेजारी वाजवतोय म्हणून वाजल्या. त्या कुणाच्या धरायच्या ते आमच्या शास्त्रात बसत नाही." रुमाव आता विषयात रमले होते आणि समोरचा माणूस त्यांना दिसेनासा झाला होता. "पण गंमत अशी, की टाळी नेहमी अशीच पसरते. कुणीतरी एक वाजवतो. का वाजवली ते कुणी विचारत नाही, बाकीचे लागतात वाजवायला. बरं, तुमचं जुनं थिएटर कुठं होतं?"

"नदीकाठी."

"आणि तिथे डास वगैरे?"

"डास?" कुमुदताई हसत म्हणाल्या. "अहो, गालाला रंग लावला की त्याच्याबरोबर दोनचार चिकटायचेच! अच्युतरावांच्या तर एन्ट्रीलाच..."

त्या मध्येच थांबल्या. अच्युतरावांकडे कुणी पाहिलं नाही. ते आरशाकडे पाहत होते, आणि आरशातला माणूस केव्हापासून आलेला आहे, असा हिशेब लावत होते. लागत नव्हता.

"उपाय अगदी सोपा आहे," डॉक्टरबाई घाईने म्हणाल्या. "उद्या टाकीत गप्पी मासे सोडू. अळ्या खातील. डास नाहीत, टाळ्या नाहीत, जिना शेवटपर्यंत उभा."

"उद्या?" अच्युतराव दचकले.

"पालिकेत फुकट मिळतात."

"एवढी घाई कशाला? मुक्या जिवांना अनोळखी जागी... आणि माझे प्रयोग व्हायचेत अजून."

"हा शेवटचा होता ना?" कुमुदताईंनी विचारलं.

"शेवटच्यांतला पहिला."

मग दोन्ही शास्त्रज्ञांत वाद पेटला. मासे सोडले तर चक्र बंद राहील की उघडेल? प्रेक्षकाला निसर्गात धरायचं की संस्कृतीत? डासाने घेतलेलं रक्त हा रंगभूमीचा खर्च की प्रेक्षकाचं योगदान? रुमाव टेबलावर टिचक्या मारत होते, बाई आरशावर लिपस्टिकने वर्तुळं काढत होत्या, आणि पृथ्वीचं देणं पुन्हा वाढत चाललं होतं.

अच्युतरावांनी एक हात वर केला. दोघं गप्प झाले. पन्नास वर्षांच्या कारकिर्दीवर, टाळीवर, कलेवर काही शेवटचं वाक्य येणार, हे स्पष्ट होतं. त्यांनी श्वास घेतला आणि सवयीने ते थांबले. थांबूनच राहिले.

कुमुदताईंच्या नाकासमोरून काहीतरी गुणगुणत गेलं. त्यांनी दोन्ही हातांनी हवेत टाळी मारली.

ती ओसरली आणि अच्युतराव बोलले.

"कुमुद, पाठीवर, उजव्या खांद्याच्या जरा खाली, माझा हात पोचत नाही. खाजवतेस का?"