सरळ रेषेतल्या तीन काठ्या

“थांबा! कुणी पाऊलसुद्धा पुढे टाकू नका!”

टिटवी इतक्या जोरात ओरडली, की शंकासुराच्या हातातलं अर्धं खाल्लेलं कणीस वाळूत पडलं. घरात तिला टिटवी म्हणत ते काही उगीच नाही. संकट यायच्या आधी हिचा आवाज येणार, हे ठरलेलंच!

“काय झालं? साप आहे? मोठा आहे?” शंकासुर म्हणाला. हा तिचा मामेभाऊ. दोन-चार शंका काढल्याशिवाय हा पठ्ठ्या पाणीसुद्धा पीत नसे.

“साप नाही रे! काठ्या बघ!”

किनाऱ्यावर लाल फडकी बांधलेल्या तीन काठ्या उभ्या होत्या. त्या टिटवीच्या मावशीने रोवल्या होत्या. कासवांच्या घरट्यांची राखण हेच मावशीचं काम. या मोसमात चामड्यासारख्या पाठीचं एक अवाढव्य कासव तीनदा इथे येऊन अंडी घालून गेलं होतं. कित्येक वर्षांनी आलेली पाहुणी! तिच्या प्रत्येक घरट्यावर मावशीने एकेक काठी रोवली होती.

“तीन आहेत की. मोजून घे,” शंकासुर म्हणाला.

“पण सरळ रेषेत आहेत! परवा मावशीने दाखवल्या तेव्हा मधली काठी मागे होती, वरच्या कोरड्या वाळूत. कासव काय फूटपट्टी घेऊन अंडी घालतं?”

टिटवीचा सहा वर्षांचा भाऊ फिस्सकन हसला. त्याला सगळे लिंबू म्हणत, कारण प्रत्येक खेळात तो लिंबूटिंबू. टिटवीला मात्र हसू आलं नाही. आजोबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेताना मावशी तिलाच सांगून गेली होती, “मधल्या घरट्यातली पिल्लं आज-उद्या वर येतील. तुझ्या भरवशावर जातेय गं.”

आणि आता त्याच वाळूवर, हॉटेलच्या पायऱ्यांसमोर, एका भल्यामोठ्या तंबूचं सामान उतरत होतं!

तिघं धावतच तिथे पोहोचली. हॉटेलचे मॅनेजर कामगारांवर देखरेख करत उभे होते. त्यांच्या सदऱ्यालाच काय, रुमालालाही कडक इस्त्री असे, म्हणून मुलांनी त्यांचं नाव इस्त्रीसाहेब ठेवलं होतं.

“काका, मधली काठी कुणी हलवली?” टिटवीने धापा टाकत विचारलं.

“मीच हलवायला सांगितली,” इस्त्रीसाहेब खुशीत म्हणाले. “दोन एका रेषेत आणि मधली भलतीकडेच! फोटोत किती वाईट दिसत होतं. आता बघ कसं छान दिसतंय!”

“अहो, पण खाली अंडी आहेत!”

“मग? काठीच तर हलवली. अंड्यांना कुणी हात लावला? ती आहेत जागच्या जागी!”

टिटवीने कपाळावर हात मारला. अंडी जागच्या जागी होती, हीच तर पंचाईत! ती नेमकी जागा आता इथे कुणालाच माहीत नव्हती.

“काठी आधी कुठे होती?” शंकासुराने विचारलं.

“ते माळ्याला माहीत. तो दुपारीच सुट्टीवर गेला. जाताना त्याने वाळूही सारखी केली हं, एक खड्डा ठेवला नाही! चला, बाजूला व्हा. ट्रक आधीच उशिरा आलाय आणि दिवेलागणीला पाहुणे येतील.”

टिटवीने मावशीला फोन लावला. एकदा, दोनदा, तीनदा. लागेना! तिकडे मुकादमाने कामगारांना हाक दिली. त्यांच्या हातात लांबच लांब लोखंडी खुंटे होते. पिल्लं अंड्यांतून निघून वाळूतून वर सरकत असतील, तर असा एक खुंटा किती जणांचा घास घेईल? टिटवीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते बाहीने पुसलं.

“रडून काय होणार?” शंकासुर कुजबुजला. “घरटं शोधायचं कसं, ते सांग.”

“मावशी म्हणाली होती, पिल्लं वर सरकायला लागली की त्यांच्या डोक्यावरची वाळू खाली झिरपते. मग वर उथळ बशीसारखा खळगा पडतो. माळ्याने सकाळचा बुजवला असला, तरी आता पुन्हा पडला असेल. पण तो शोधायला वेळ हवा!”

“वेळ मी काढतो,” शंकासुर म्हणाला आणि खिशात हात घालून, अगदी साळसूदपणे इस्त्रीसाहेबांजवळ गेला. “काका, एक शंका आहे. तंबू पायऱ्यांच्या मानाने जरा तिरका नाही वाटत?”

“तिरका?” इस्त्रीसाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी एक डोळा मिटला, मान वाकडी केली. “अरेच्चा! मुकादम, थांबा! दोरी आणा! सगळं पुन्हा आखा!”

“साहेब, सरळच आहे हो!” मुकादम वैतागला.

“पुन्हा म्हणजे पुन्हा!”

टिटवी वाळूवर पालथी पडली. गाल वाळूला टेकवून ती एका डोळ्याने दूरवर पाहू लागली. सूर्य खाली उतरला होता. तिरप्या उन्हात पावलांचे ठसे, शिंपले, खेकड्यांची बिळं, सगळ्यांच्या लांब सावल्या पडल्या होत्या. खळगे तर शेकड्याने! पण हा पावलाचा, तो बादलीचा. ती कोपरांवर सरपटत पुढे सरकली. कोपरं सोलवटली. बशीसारखं काहीच दिसेना.

“ताई, मी पण झोपू?” लिंबूने विचारलं.

“झोप. बशीसारखा खड्डा दिसला की ओरड.”

लिंबू झोपला. त्याच्या मागे दोरी ताणली गेली, खुणा पुसल्या गेल्या, नव्या पडल्या. आणि शंकासुराच्या लक्षात आलं, की आपल्याच युक्तीने तंबू आता वर, कोरड्या वाळूकडे सरकतोय! आगीतून फुफाट्यात! त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“काका, आधीचंच बरोबर होतं!” तो ओरडला.

“आता नाही हं! आता कसं काटकोनात आलंय! ठोका खुंटे!”

“ताई! बशी!” लिंबू किंचाळला. “त्या दादांच्या पायाजवळ!”

टिटवीने पाहिलं. गोल, उथळ, कडेला चंद्रकोरीसारखी सावली. आणि बरोबर तिच्या मधोमध मुकादमाने खुंट्याचं टोक टेकवलेलं! समोरच्या कामगाराने घण उचलला होता.

“नाहीऽऽऽ!”

टिटवी कशी धावली, तिचं तिलाच कळलं नाही. तिने दोन्ही हातांनी खुंटा कवटाळून बाजूला खेचला आणि त्याच्यासकट वाळूत लोळली. घण हवेतच थबकला. कामगार पांढराफटक पडला.

“पोरी, जीव गेला असता की!” मुकादम गरजला.

“हा काय पोरखेळ चाललाय?” इस्त्रीसाहेबही धावत आले. “ऊठ! तुझ्या मावशीला सांगतो!”

“सांगा! पण आधी खाली बघा!”

खळग्यातली वाळू हलली. थोडी खाली घसरली, थांबली, पुन्हा हलली. मग एक काळंभोर, बोराएवढं डोकं बाहेर आलं. त्याच्यामागे लांबलचक वल्ह्यांसारखे दोन हात. इवल्याशा पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रेघा होत्या. त्याच्याशेजारी दुसरं डोकं, तिसरं, आणि मग वाळू उकळावी तशी पिल्लंच पिल्लं!

मुकादमाने वाळूत पडलेला खुंटा उचलला आणि हळूच मागे टाकला.

तेवढ्यात हॉटेलचे दिवे लागले. पिल्लं थबकली आणि पायऱ्यांकडे वळू लागली!

“दिवे बंद करा!” टिटवी ओरडली. “त्यांना उजेड म्हणजेच समुद्र वाटतो!”

“पण पाहुणे...” इस्त्रीसाहेब म्हणाले. मग त्यांनी त्या इवल्या पाठींकडे पाहिलं, घसा खाकरला आणि स्वतःच पायऱ्यांकडे धूम ठोकली. क्षणात सगळा किनारा सांजेच्या अंधुक उजेडात बुडाला. समुद्र तेवढा चमकत होता. पिल्लं वळली.

मावशी आली तेव्हा तंबू उभा नव्हता. कामगार पिल्लांच्या वाटेच्या दुतर्फा ओळीने बसले होते. नटूनथटून आलेले पाहुणे चपला हातात धरून त्यांच्यामागे चिडीचूप उभे होते. शंकासुराच्या तोंडून घडलेलं सगळं ऐकल्यावर मावशीने टिटवीची सोलवटलेली कोपरं पाहिली आणि तिला घट्ट जवळ घेतलं.

“मी इथे असते तरी याहून जास्त काय केलं असतं?” ती म्हणाली. “शाब्बास रे पोरांनो! पुढच्या घरट्याची काठी टिटवी रोवणार. आणि लिंबू, आजपासून तू लिंबूटिंबू नाहीस!”

“मग मी कोण?” लिंबूने विचारलं.

“किनाऱ्याचा मुख्य तपासनीस!” मुकादम म्हणाला आणि त्याने चक्क सलाम ठोकला.

इस्त्रीसाहेब वाळूत गुडघे टेकून बसले होते. विजारीची इस्त्री पार मोडली होती. शेवटचं पिल्लू रांग सोडून भलतंच वाकडंतिकडं चाललं होतं. त्याला सरळ करायला त्यांचा हात नकळत पुढे गेला. टिटवीने श्वास रोखला.

इस्त्रीसाहेबांनी हात मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. पिल्लू आपल्या वाकड्या वाटेने चालत राहिलं आणि पहिल्याच लाटेने त्याला उचलून नेलं.