चिंधीवरची चूक

दाराला आतून कडी घालून, वर खुर्ची टेकवून शाल्मली त्या खुर्चीवर घट्ट बसली होती. बाहेर थेंबू उभा होता. थेंबू हा तासगावच्या एका दवाखान्याचा यंत्रमानव. घरोघर फिरून रक्त घेणं हे त्याचं काम. नाव थेंबू, पण न्यायचा मात्र चांगल्या दोन नळ्या भरून!

"नमस्कार. वैजयंतीताई घोरपडे यांची आज द्रव बायोप्सी आहे. दार उघडता का?"

"आई घरी नाहीये!" शाल्मली ओरडली.

नेमका तेव्हाच आतल्या खोलीत आई खोकली. खोटं बोलावं तर खोकल्यानेही साथ देऊ नये!

या खोकल्यानेच सगळा घोळ केला होता. आई शाळेत कबड्डी शिकवायची. गेल्या वर्षी तिच्या उजव्या फुप्फुसातून कर्करोगाची गाठ काढली, ती बरी झाली, पुन्हा मैदानावर उभी राहिली. आणि आता हा खोकला. "धूळ गेली असेल," आई म्हणायची. "हो, धूळच," शाल्मली म्हणायची. दोघींच्याही मनात शंका वेगळीच होती, पण बोलायचं कुणी?

त्यातच सकाळी शेजारच्या गोदाक्का सांगून गेल्या, "बायोप्सी म्हंजे गाठीचा तुकडा काढत्यात गं. गाठीला सुई लागली की ती चवताळती, अंगभर पसरती." ते ऐकूनच शाल्मलीने दाराला कडी घातली होती.

"तुला आईच्या फुप्फुसात सुई खुपसायचीय!" तिचा आवाज चिरकला. "मी नाही खुपसू देणार."

"सुई लावल्याने गाठ पसरते, ही भीती जवळजवळ निराधार आहे," थेंबू शांतपणे म्हणाला. "शिवाय मी फुप्फुसाला हातही लावणार नाही. द्रव बायोप्सी म्हणजे रक्तासारख्या पातळ पदार्थातून रोगाचा माग काढणं. मी फक्त हाताच्या शिरेतून रक्त घेणार."

शाल्मली गोंधळली. "फुप्फुसात काय चाललंय ते हाताला कसं कळणार?"

"खिडकीतून तुझा शर्ट दिसतोय. त्यावर 'रणरागीनी' छापलंय. बरोबर शब्द 'रणरागिणी'."

"छापणाऱ्याने घाण केली," शाल्मली रागाने म्हणाली. "आमच्या कबड्डी संघाच्या सगळ्याच शर्टांवर तसं आहे."

"समज, सामन्याच्या ओढाताणीत शर्ट फाटले. सगळे घरी गेल्यावर मी मैदानावर आलो. मला एक चिंधी सापडली आणि तिच्यावर होतं 'गीनी'. कोण खेळून गेलं?"

"आम्ही! दुसऱ्या कुणाच्या शर्टावर ती चूक नाहीच."

"तुम्हाला न बघताच ओळखलं की नाही? शरीरातही तसंच असतं. आपलं शरीर पेशींचं (अगदी बारीक जिवंत घटकांचं) बनलेलं असतं. बहुतेक पेशींत डीएनए (शरीर चालवायच्या सूचनांचा लांब धागा) असतो. पेशी मरतात तेव्हा त्या धाग्याचे तुकडे रक्तात सांडतात. कर्करोगाच्या पेशीही मरतात, पण त्यांच्या धाग्यात चुका असतात. आईच्या गाठीतल्या चुका डॉक्टरांनी गेल्या वर्षीच वाचून ठेवल्यात. रक्त तर सगळ्या अंगातून फिरतं. त्यात तीच चूक असलेला तुकडा मिळाला, तर समजायचं की त्या पेशी कुठेतरी उरल्यात किंवा पसरल्यात."

"आणि नाही मिळाला तर सगळं ठीक?"

"बहुधा. तुकडे फारच थोडे असले तर तपासणीतही सापडत नाहीत."

शाल्मलीला तो 'बहुधा' मुळीच आवडला नाही. "आणि मिळाला तर?" तिने हळूच विचारलं.

थेंबू उत्तर देणार, इतक्यात आतून आवाज आला.

"शालू, दार उघड." मागे आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"नको! मला कळायलाच नको!" शाल्मली हुंदके देऊ लागली.

आईने तिला जवळ ओढलं. "मला तरी कुठं हवं होतं? म्हणून तर धूळ धूळ करत बसले. पण आपण बघितलं नाही म्हणून ते काय गप बसणार आहे होय?"

खुर्ची शाल्मलीनेच बाजूला केली. रक्त घेताना आईचा दुसरा हात तिने इतका आवळला की आई म्हणाली, "बाई गं, सुई परवडली!"

पुढचे दिवस काही केल्या सरेनात. शेवटी डॉक्टर नदाफांनी दोघींना बोलावलं. चुकीचे तुकडे सापडले होते.

शाल्मलीने आपली खुर्ची आईच्या खुर्चीला चिकटवली.

"आता नीट ऐका," डॉक्टर म्हणाले. "खोकला साध्या सर्दीचाच निघाला. फुप्फुसांच्या फोटोतही काही दिसत नाही."

"मग थेंबू चुकला?" शाल्मलीने आशेने विचारलं.

"नाही बाळा. फोटोत दिसायला गाठ थोडी तरी मोठी व्हावी लागते. रक्ताने त्याआधीच सांगितलं. गेल्या वेळी आपल्याला उशिरा कळलं होतं. या वेळी आपण लवकर पोचलोय. नेमक्या याच चुकीवर काम करणारी गोळी आहे, ती आजच सुरू करू."

"मला अजून भीती वाटतेय," शाल्मली म्हणाली.

"मलापण," आई म्हणाली. या वेळी धुळीचं नाव कुणीच काढलं नाही.

गोळीने आईला मळमळायचं, अंगावर पुरळ यायचं. शाळेतून घरी आल्यावर शाल्मली रोज आधी आईच्या खोलीत डोकवायची. तीन महिन्यांनी थेंबू पुन्हा रक्त घेऊन गेला, आणि निकाल सांगायला स्वतःच आला.

"आज एकही तुकडा सापडला नाही."

शाल्मलीने आईला घट्ट मिठी मारली. "म्हणजे रोग गेला?"

"तसं मी म्हणणार नाही. आज सापडला नाही, एवढंच. पुन्हा बघावं लागेल, पुन्हापुन्हा."

थेंबू फाटकापर्यंत पोचला होता. शाल्मली अनवाणीच त्याच्यामागे धावली.

"थेंबू, पुढच्या वेळी नक्की ये हं," ती धापा टाकत म्हणाली. "एक दिवससुद्धा उशीर करू नकोस."